मालवणची खडपे आणि पाण्याखालची पहिली नजर

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर पुरती सुकती लागली की समुद्रातून काळी डोकी वर येऊ लागतात. आधी एक, मग चार, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरची ओहोटी असेल तर राजकोटापासून पद्मगडापर्यंत सगळीकडे खडकच खडक. पद्मगडाकडे तर अशा वेळी पायी जाता येते. भरती आली की ही डोकी पुन्हा बुडतात आणि वर नुसते निळसर पाणी हलत राहते. मालवणी माणूस या खडकांना खडपे म्हणतो. त्यांतली बरीचशी ओहोटीलाही उघडी पडत नाहीत. पाण्याखाली दोन-चार माणसे खोल ती तशीच असतात. महाराष्ट्रात पाण्याखालचे जग पहिल्यांदा पाहणारा बहुतेक माणूस आज ते याच खडपांवर पाहतो. मात्र या खडकांचा इतिहास पाहण्याचा नाही, टाळण्याचा आहे. शतकानुशतके ते कुठे आहेत हे माहीत करून घ्यायचे, ते त्यांच्यापासून लांब राहण्यासाठी.

सिंधुदुर्ग किल्ल्याची जागा ठरली ती या टाळण्यामुळेच. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले. मुहूर्ताची पूजा झाली ते ठिकाण किनाऱ्यावर आजही दाखवतात. त्याला मोरयाचा धोंडा म्हणतात, आणि त्या खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. सुमारे ४८ एकरांचे बेट, त्याला वळणे घेत जाणारा तीन किलोमीटरच्या आसपासचा तट, आत दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. बांधकामाचा कर्ता म्हणून हिरोजी इंदुलकरांचे नाव घेतले जाते. पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले, हेही सर्वश्रुत आहे. या सगळ्यात बेटाभोवतीच्या पाण्याचे वर्णन मागे पडते, आणि किल्ल्याचे खरे बळ तर तिथे आहे. परदेशी गलबतांचे बूड खोल असे. त्यांना तटाजवळ यायचे म्हणजे खडपांमधून वाट काढायची, आणि ती वाट पाण्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. उथळ बुडाच्या होड्या हाकणाऱ्या स्थानिक माणसाला ती पाठ होती. भरती किती चढली, कोणत्या खडकावर लाट फुटते आणि कोणत्या खडकावर नुसती फुगते, यावरून तो नाळ वळवत असे.

हे ज्ञान ज्यांचे होते त्या गाबीत आणि इतर दर्यावर्दी समाजांनी मराठ्यांच्या आरमारात चाकरी केली. किल्ल्याचा पुढचा प्रवास मात्र तुटक आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले, मग तो करवीरकरांना परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. तटावरची निशाणे अशी बदलत गेली. समुद्रातल्या वाटा ज्यांना माहीत होत्या ती माणसे तीच राहिली.

त्या माणसांचा खडपांशी रोजचा संबंध होता, पण तो हाताचा होता, डोळ्यांचा नव्हता. ओहोटीला बायका टोकदार लोखंडी हत्यार घेऊन खडकावर उतरत आणि कालवे फोडून आतला मऊ गर डब्यात भरत. खडपांच्या कपारीत शेवंड मिळे, गोबरा मिळे, तांबोशीही मिळे. म्हणून जाळी आणि गळ तिथे पडत, आणि खडकात अडकून फाटतही. होडीचा नांगर खडकात रुतला की कोणीतरी उडी मारून, श्वास धरून, दोरीच्या आधाराने खाली जाई आणि चाचपडत तो मोकळा करी. खाली डोळे उघडले तरी फारसे दिसत नसे. माणसाचा डोळा हवेसाठी घडलेला आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला पाणी टेकले की प्रकाश वळवण्याची त्याची ताकद जवळजवळ संपते आणि समोर नुसते धुकट रंग उरतात. खडपांवर पोवळ्यांचे जिवंत थर आहेत, त्यांतून निळे-पिवळे मासे फिरतात, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्य त्या पाण्यात काढले त्यांनाही कधी नीट दिसले नव्हते. फुटलेला तुकडा जाळ्यातून वर येई तेव्हा तो पांढरा, मेलेला दगड असे.

ही अडचण सुटायला डोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा एक कप्पा ठेवणे एवढेच पुरे होते. मोती आणि शंख काढणाऱ्या पाणबुड्यांनी जगात ठिकठिकाणी डोळ्यांवर लावायचे चष्मे वापरले होते. डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा, एकाच काचेचा रबरी मुखवटा मात्र १९३० च्या दशकात रूढ झाला. त्याच दशकात लुई द कोर्लिए या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पायात घालायच्या रबरी वल्ह्यांचे, म्हणजे आजच्या फिन्सचे, पेटंट घेतले. तोंडात धरायची वाकडी नळीही याच सुमारास भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हौशी पोहणाऱ्यांच्या हाती आली. मुखवटा, नळी, फिन्स: स्नॉर्केलिंगचे सगळे सामान एवढेच, आणि ते अजून फारसे बदललेले नाही. नाक मुखवट्याच्या आत असणे ही लहानशी गोष्ट फार मोलाची ठरली. खाली जाताना पाण्याचा दाब मुखवटा चेहऱ्यावर आवळू लागतो, तेव्हा नाकातून थोडी हवा सोडली की तो सैल होतो. नुसत्या डोळ्यांच्या चष्म्यात ही सोय नसते.

नळी साधारण हातभर लांब असते, त्याहून लांब नसते, आणि यामागचे कारण प्रत्येक नवख्याने एकदा समजून घेण्यासारखे आहे. लांब नळी लावली तर आणखी खोल जाऊन श्वास घेता येईल असे सहज वाटते. पण छातीवर पाण्याचा दाब आणि फुप्फुसात पृष्ठभागावरची हलकी हवा अशी स्थिती झाली की अर्धा-पाऊण मीटर खोलीवरच छाती फुगवणे कठीण होऊ लागते. शिवाय लांब नळीत सोडलेलीच हवा पुन्हा आत येते. म्हणून स्नॉर्केलिंग हे पृष्ठभागावर पालथे तरंगण्याचेच काम आहे. खाली जाऊन श्वास घ्यायचा तर आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा मिळाली पाहिजे. ती देणारे यंत्र, म्हणजे मागणीप्रमाणे हवा सोडणारा रेग्युलेटर, झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केले. तेच पुढे स्कूबा म्हणून जगभर पसरले. कुस्तोच्या समुद्रावरच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये अमेरिकेत पॅडी ही प्रशिक्षण संस्था स्थापन झाली आणि सैनिकांचे, शास्त्रज्ञांचे कौशल्य सुट्टीवर आलेल्या माणसाला टप्प्याटप्प्याने शिकवता येऊ लागले.

भारतात हे यायला वेळ लागला. इथे पाण्याखाली श्वास घेणारे पहिले लोक नौदलाचे पाणबुडे होते आणि त्यांच्यानंतर संशोधक. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्याचा अभ्यास हाती घेतला. या संस्थेच्या सय्यद झहूर कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत पोवळी असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांत मालवणही होते. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, ए. एच. परुळेकर यांनी मालवणच्या सागरी प्राण्यांची तपशीलवार नोंद केली. कालवे फोडताना पायाखाली असलेली वस्तू अशी पहिल्यांदा कागदावर आली.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पर्यटनाच्या जाहिरातींत तो नेहमी पुसला जातो. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात या ठिकाणी भारतातील मुख्य प्रवाळभित्ती आहेत. तिथे पोवळ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या आपल्या सांगाड्यांवर सांगाडे रचून भिंती उभ्या केल्या. मालवणला तसे नाही. इथला खडक आधीचाच आहे आणि पोवळी त्यावर वस्ती करून राहिली आहेत. त्यांत फांद्यांची उंच झाडे कमी, गोलसर गोळे, पसरट पापुद्रे आणि खडकाला चिकटलेल्या साली जास्त. याचे कारण पाणी. पावसाळ्यात कर्ली, कोळंब, गड या नद्या-खाड्यांतून लाल माती समुद्रात येते, क्षारता उतरते आणि महिनोन्‌महिने पाण्यात उजेड शिरत नाही. पोवळ्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल उजेडावर अन्न करते आणि पोवळ्याला त्याचा मोठा हिस्सा देते. उजेड गेला की हा व्यवहार मंदावतो. मालवणला टिकली ती असे चार महिने काढू शकणारी चिवट पोवळी. लक्षद्वीपच्या काचेसारख्या पाण्याशी तुलना करून मालवणला हिणवणारे खूप भेटतात. खरे तर इतक्या गढूळ पाण्याच्या काठी पोवळी जगतात, हीच इथली पाहण्यासारखी गोष्ट आहे.

संशोधनाच्या पाठोपाठ कायदा आला. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यांतील ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्याभोवतीची बुडालेली खडपे या गाभ्यात येतात. कागदावर हे महाराष्ट्राचे पहिले सागरी अभयारण्य होते, किनाऱ्यावर मात्र ते बराच काळ भांडणाचे कारण राहिले. मच्छीमारांचा प्रश्न सरळ होता: खडपांपाशी मासे मिळतात, तिथेच बंदी आली तर रापण ओढणाऱ्याने आणि लहान होडीवाल्याने जायचे कुठे? त्यांचा विरोध निसर्गाला नव्हता. ज्या समुद्राच्या वाटा त्यांनीच राखल्या, त्याच्या सीमा त्यांना न विचारता आखल्या गेल्या, हा राग होता आणि तो रास्त होता. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी पोवळी आली. तेव्हापासून मालवणच्या पाण्यातून पोवळ्याचा तुकडा उचलणे हा वाघाच्या शिकारीच्याच अनुसूचीतला गुन्हा आहे.

दरम्यान जमिनीवरचे चित्र बदलत होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. माणसे येऊ लागली. ती किल्ला पाहत, तारकर्लीच्या वाळूत बसत, सोलकढी पीत आणि परत जात. पाण्याखालचे पाहायचे असेल तर त्या काळी लक्षद्वीप गाठावे लागे. तिथे कदमत बेटावर १९९० च्या दशकात हौशी डायव्हिंग सुरू झाले होते. गोव्यात ग्रँड बेटाभोवतीही डायव्हिंग होई. मालवणमध्ये स्नॉर्केलिंग रुजले ते २००० नंतरच्या दशकात. पोवळ्यांचे अभ्यासक डॉ. सारंग कुलकर्णी यांचे नाव या कामात अग्रभागी आहे. स्थानिक तरुणांना मुखवटा लावून त्यांचीच खडपे दाखवायची आणि मग त्यांच्याकडून पाहुण्यांना दाखवायची, हा मार्ग निवडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा सिंधुदुर्ग किनाऱ्यावरचा जैवविविधता प्रकल्प २०११ नंतर राज्य सरकारच्या सहकार्याने चालला, तेव्हा या प्रशिक्षणाला बळ मिळाले. २०१५ च्या सुमारास महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग शिकवणारी स्वतंत्र संस्था उभी केली. तिथे डायव्हिंगच्या सरावासाठी खास खोल तलाव आहे. नवख्याला आधी तलावात शिकवायचे आणि मग समुद्रात न्यायचे, ही शिस्त महाराष्ट्रात तिथे बसली.

मालवणी घरांत यातून जे बदलले ते आकड्यांत पकडता येत नाही. ज्या घरचा बाप होडी हाकायचा, त्या घरचा मुलगा हवेची टाकी पाठीला बांधून पाहुण्याचा हात धरू लागला. तो पाण्यात उतरण्याआधी अजूनही वडिलांकडूनच भरतीची वेळ विचारून घेतो. मतलई वारा पडून समुद्र सकाळी निवळ असतो, दुपारनंतर खारा वारा चढला की पाणी ढवळते, हे त्याला कुठल्याही पुस्तकात शिकावे लागले नाही. म्हणूनच फेऱ्या सकाळी असतात. आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, पाण्याची ओढ कमी असल्याने तळ अधिक स्वच्छ दिसतो. खडपे टाळण्यासाठी साठवलेले सगळे ज्ञान असे खडपांवर नेऊन ठेवण्यासाठी कामाला आले.

इथे येणारा पाहुणा कोण, हेही इतिहासाचाच भाग आहे. पहिल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याचे आणि परदेशी प्रवासी जास्त होते. पुढे घाटावरची गावे येऊ लागली. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यातला, येडगाव धरणाच्या काठी वाढलेला माणूस हे त्याचे चांगले उदाहरण. कुकडीवरच्या या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर, नाणेघाटाच्या परिसरात पडलेल्या पावसाचे आहे. तिथून अरबी समुद्र जवळ, तरी कुकडी पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि घोड, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळते. या भागातली मुले पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, वरून कोणीतरी ढकलायचे, आणि आठ दिवसांत डबा सुटला की काठावरून मुटका मारायचा. तळ दिसत नाही, दिसायची गरजही नसते. पाणी मचूळ असो की गोड, डोळे मिटूनच पोहायचे.

हा पोहणारा मालवणला पाण्यात उतरला की दोन गोष्टी घडतात. पहिली चांगली: खाऱ्या पाण्याची घनता गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त असल्याने शरीर आपोआप तरंगते, आणि ज्याने विहिरीत दम लागेपर्यंत हातपाय मारले आहेत त्याला हे सुख अनपेक्षित असते. दुसरी तितकी चांगली नाही. जोराने हातपाय मारायची सवय आणि दमले की पाय टेकायची सवय. विहिरीत पायरीवर टेकले तर काही बिघडत नाही. खडपांवर टेकलेला पाय जिवंत पोवळ्यावर पडतो. मालवणचे जुने वाटाडे सांगतात की अजिबात पोहता न येणारा माणूस सांभाळायला सोपा, कारण तो घाबरून का होईना, सांगितले तसे स्वस्थ तरंगतो. निष्णात पोहणारा आधी स्वतःच्या पोहण्याला विसरला पाहिजे.

मालवणमधला नवख्याचा अनुभव एका ठरलेल्या रीतीने जातो. होडी दांडी, चिवला किंवा तारकर्लीच्या बाजूने निघते आणि किल्ल्याच्या मागच्या अंगाला किंवा कवडा खडकासारख्या ठिकाणी थांबते. स्नॉर्केलिंग करणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट असते. मुखवट्याच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून ती खंगाळतात. हा उपाय जगभर चालतो आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस आणतो. केसाची एक बट जरी रबराखाली आली तरी पाणी आत येते, म्हणून वाटाड्या कपाळावरचे केस आपल्या बोटाने मागे सारतो. मग तोंडाने श्वास. इथेच बहुतेकांचे अडते. चेहरा पाण्यात असताना श्वास घ्यायचा नाही, हे शरीराला जन्मापासून माहीत आहे आणि ते विसरायला दोन-चार मिनिटे जातात. नळीतून आत-बाहेर होणारा स्वतःचाच श्वास कानात मोठा ऐकू येतो. तो संथ झाला की डोळे खालचे पाहू लागतात: तपकिरी, हिरवट, मधूनच जांभळट पोवळी, त्यांच्यावर काळ्या आडव्या पट्ट्यांचे मासे, कपारीतून हलणाऱ्या शेवंडीच्या मिशा. मुखवट्यातून प्रत्येक गोष्ट आहे त्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठी आणि जवळची दिसते, म्हणून हात पुढे जातो आणि पाण्यातच राहतो.

स्कूबाच्या फेरीत वाटाड्या टाकीला धरून नवख्याला खाली नेतो. खोली सहसा दहा मीटरांच्या आतच असते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. कानाचा पडदा आत ढकलला जातो, म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारत दर थोड्या अंतराने कान मोकळे करावे लागतात. दुखेपर्यंत थांबले की उशीर झालेला असतो. दुसरा नियम यापेक्षा महत्त्वाचा: टाकीतला श्वास घेतल्यावर तो कधीही धरून ठेवायचा नाही. दाबाखाली भरलेली हवा वर येताना फुगते आणि धरलेल्या श्वासात फुप्फुसाला इजा होऊ शकते. हाताच्या खुणाही आधीच शिकवतात. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ठीक, वर केलेला अंगठा म्हणजे वर चला. रोजच्या जीवनात अंगठा वर करून शाबासकी देणारा माणूस पाण्याखाली आनंदाने अंगठा दाखवतो आणि त्याला लगेच वर आणले जाते. हे मालवणला रोज घडते.

लोकप्रियता वाढली तशी या रीतीला भेगा पडल्या. सुट्टीच्या दिवशी एकाच खडपावर होड्यांची गर्दी, समजावण्याला वेळ कमी, नांगर सरळ पोवळ्यांवर, मासे जमावेत म्हणून पाण्यात टाकलेले खाद्य. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतील कल्याण डे, मंदार नाणजकर, संभाजी मोटे आणि बबन इंगोले यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवण अभयारण्यातील हौशी डायव्हिंगमुळे पोवळी तुटत असल्याचे, झिजत असल्याचे नोंदवले आणि जबाबदारी कोणाचीच नसल्यावर बोट ठेवले. गोलसर पोवळे वर्षाला सेंटीमीटरभर वाढले तरी पुष्कळ झाले. नांगराने एका क्षणात उखडलेला टोपलीएवढा गोळा म्हणजे कित्येक दशकांची वाढ. समुद्र तापण्याचा फटका वेगळाच. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा अंश-दोन अंश गरम राहिले की पोवळे आपल्यातले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत जगभरातल्या पोवळ्यांवर हे संकट मोठ्या प्रमाणात आले.

माणसांच्या बाबतीतही ढिलाई महाग पडली. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक मरण पावले. पाण्याखालची शिस्त काटेकोर हवी हे तोवर मान्य झाले होते. पण नवख्याला खरा धोका पुष्कळदा वरच्या होडीत, तिच्यातल्या माणसांच्या संख्येत आणि अंगात न घातलेल्या जॅकेटात असतो, हे त्या दिवशी उघडे झाले. पावसाळ्यापुरता निर्णय समुद्रच घेतो. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होऊ लागला तरी गढूळपणा बसायला ऑक्टोबर उजाडतो.

खडपांवरचा भार वाटून घेण्याचे प्रयत्न दोन दिशांनी झाले. तुटलेली पोवळी पाण्याखालीच तयार आधारांवर बांधून वाढवण्याचे प्रयोग सिंधुदुर्गात झाले. २०१२ मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष त्यांच्यामागे होता. तुकडा बांधून ठेवला की काही आठवड्यांत तो आधाराला स्वतःचे चुन्याचे बूड धरतो आणि मग बांधणीची गरज उरत नाही. दुसरी दिशा नव्या जागा शोधण्याची. विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेले एक पठार आहे, सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात. डिसेंबर २०१९ मध्ये तिथे संशोधकांची मोहीम गेली आणि मालवणपेक्षा कितीतरी समृद्ध पोवळी त्यांनी पाहिली. ती जागा मात्र नवख्यांची नाही. उघडा समुद्र, ओढ, खोली, आणि मदत एका रात्रीच्या अंतरावर.

नवख्यांसाठी उथळ पाण्यातच नवी खडपे तयार करायची, हा पर्याय आता पुढे आला आहे. १९८५ पासून नौदलात असलेली आयएनएस गुलदार ही सैन्य उतरवणारी नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. निवती खडकाजवळच्या पाण्यात तिचे कृत्रिम प्रवाळखडक आणि पाण्याखालचे संग्रहालय करण्यासाठी ती २०२५ मध्ये महाराष्ट्राकडे सोपवली गेली. तेलाचा अंश राहू नये म्हणून अशी नौका आधी आतून पूर्ण साफ करतात, तीक्ष्ण कडा काढतात, पाणबुड्याला बाहेर पडायला वाटा कापतात. लोखंडावर आधी शेवाळ धरते, मग कालवांसारखे शिंपले, त्यांच्या मागे कपारी शोधणारे मासे, आणि बऱ्याच वर्षांनी पोवळी. कुरटे बेटाजवळच्या खडपांवर हीच वस्ती आधीपासून आहे आणि ओहोटी लागली की तिच्या कडेला कालवे काढणाऱ्या बायका आजही उतरतात.